रिपोर्ट नॉर्मल आहे

शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. डीएमएलटी करत असताना लॅबमधल्या एका दादांनी मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. हाताला रबरी पट्टा बांधायचा, डाव्या हाताची तर्जनी कोपराच्या खळगीत ठेवायची आणि हलकेच दाबायचं. शीर असेल तर ती बोटाला परत ढकलते. स्नायूबंध असेल तर दोरीसारखा कडक लागतो. धमनी असेल तर उडते. हे तीन फरक एकदा बोटाला कळले की माणूस जाडा असो, म्हातारा असो, घाबरलेला असो, सुई एकाच टोचण्यात जाते.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सातला शटर वर जातं तेव्हा बाहेर उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली असतात. त्यांतले काही मला मागून घेतात. ‘त्या पोरीला बोलवा, तिचा हात हलका आहे,’ म्हणतात. मला त्याचा अभिमान होता. हात हलका म्हणजे खरं तर ती तर्जनी.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ती तर्जनी सुजली. एखादा सांधा सुजतो तशी नाही. मुळापासून नखापर्यंत अख्खं बोट एकसारखं जाड, कोवळ्या काकडीसारखं. ग्लोव्ह चढवताना डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी एका आज्जींना मी तीनदा टोचलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त दुसरा हात पुढे केला.

*

सोरायसिस मला अठराव्या वर्षी झाला. आधी कानामागे आणि केसांत, सगळ्यांना कोंडा वाटला. मग कोपरांवर लाल चट्टे आणि वर चांदीसारखे पापुद्रे. आईने कडुलिंबाचं पाणी केलं, खोबरेल तेलात कापूर घातला, वांगी बंद केली. मी मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणली. लावलं की जायचं, थांबवलं की दुप्पट यायचं. नंतर लॅबमध्ये नोकरी लागल्यावर कळलं की ते जोरदार स्टेरॉइड होतं आणि कोणीही विचारायला नको होतं इतक्या सहज ते मला मिळत होतं.

हा संसर्ग नाही, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले असेन याची मोजदाद नाही. आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेला घाई करायला लावते. जी पेशी महिनाभरात खालून वर यायची ती काही दिवसांतच वर येते आणि तिथे थर साचतो. एवढं साधं. पण रक्त घेणाऱ्या मुलीच्या कोपरावर चट्टे दिसले की माणूस हात मागे घेतो. म्हणून मी बाराही महिने फुल बाह्यांचा एप्रन घालते. मिरजेच्या मे महिन्यातसुद्धा.

नखांवर बारीक खड्डे पडले होते, शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे. ग्लोव्हमुळे ते कोणाला दिसायचे नाहीत. मीही बघायचे नाही. सकाळी उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावलं टाचेवर टाकवत नसत. आई म्हणायची, “दिवसभर उभी असतीस गं. चप्पल बदल.” मी चप्पल बदलली. दोनदा.

कोपर, नख, टाच आणि आता बोट. चारही गोष्टी माझ्याच अंगावर होत्या, पण मी त्या चार वेगवेगळ्या तक्रारी म्हणून सांभाळत होते.

*

लॅबमध्ये काम करण्याचा एक फायदा असतो. शंका आली की स्वतःचंच रक्त काढता येतं. बोट सुजल्याच्या तिसऱ्या दिवशी मी दादांना हात दिला. त्यांनी ट्यूब भरल्या आणि मीच त्या मशीनला लावल्या.

ईएसआर १४. सीआरपी नॉर्मल. आरए फॅक्टर निगेटिव्ह. युरिक अ‍ॅसिड नॉर्मल.

ज्यांना या चाचण्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. ईएसआर म्हणजे रक्त एका उभ्या नळीत तासभर ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. शरीरात दाह असेल तर काही प्रथिनं वाढतात, पेशी एकमेकींना चिकटतात आणि लवकर बसतात. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३०मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठे आग लागली की यकृताला निरोप जातो आणि सीआरपी वाढतं. आरए फॅक्टर हा आमवातातला जुना ओळखीचा गडी.

माझे सगळे आकडे कंसातल्या मर्यादेत होते. आमच्या सरांनी कागदावर नजर टाकली. “सगळं नॉर्मल आहे की. काम कमी कर थोडं.” मला आधी बरं वाटलं. मग रात्री बोट ठणकायला लागल्यावर वेगळाच विचार आला. आकडे खोटं बोलत नाहीत, म्हणजे मीच बोलत असणार. मी नाजूक झालेय. मला काम नकोय. स्थळ बघायला येणार आहे म्हणून मी दुखणं काढतेय, असं आत्या आईला म्हणाली होतीच.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्याच्या साधारण वर्षभर आधी एक काकू आमच्याकडे दोन-तीनदा येऊन गेल्या होत्या. गुडघे, बोटं, टाच, सगळंच दुखायचं. डोक्याला घट्ट रुमाल असायचा आणि खांद्यावर पांढरा भुसा पडलेला. दर वेळी ईएसआर, आरए फॅक्टर, युरिक अ‍ॅसिड. दर वेळी सगळं ठीक. शेवटच्या वेळी त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, “मग दुखतंय ते काय आहे गं?” रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नाही, तसं सांगायलाही आम्हाला परवानगी नसते. पण मी हसून म्हणाले, “काही नाही काकू, रिपोर्ट नॉर्मल आहे. काळजी करू नका.” त्यांच्याबरोबर आलेला मुलगा लगेच म्हणाला, “बघ, मी म्हणत होतो.”

*

रिपोर्टमध्ये काही नाही म्हटल्यावर घरात उपायांना मोकळं रान मिळालं. मामा मला बसने सीमेपलीकडच्या एका गावात घेऊन गेला. तिथला माणूस सांधेदुखीवर पुड्या द्यायचा. कागदात बांधलेली तपकिरी पूड, सकाळ-संध्याकाळ मधातून. “जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही,” असं त्याने न विचारताच सांगितलं.

चौथ्या दिवशी मी सकाळी उठून सरळ चालत स्वयंपाकघरात गेले. आई रडली. दोन आठवड्यांत बोटाची सूज उतरली, कोपरांवरचे चट्टे फिके झाले. भूक इतकी लागायची की रात्री उठून मी भाकरी खायचे. चेहरा भरला. नातेवाईक म्हणाले, “आता कशी छान दिसतीस.” चार महिन्यांत सात किलो वजन वाढलं.

मी लॅबमध्ये काम करणारी मुलगी. पावडर कसली आहे हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. मी तो विचारला नाही. ज्याचं दुखणं कोणी मानत नव्हतं त्याचं दुखणं थांबलं होतं. तिथे प्रश्न विचारायला फार धैर्य लागतं.

मग पुड्या संपल्या. मामा आणायला गेला तर तो माणूस तिथून गेलेला. कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं. दहा दिवसांत सोरायसिस परत आला, पण कोपरांवर नाही, अंगभर. पाठ, पोट, मांड्या. बोट पुन्हा सुजलं, सोबत डाव्या पायाची दोन बोटं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका सकाळी सुई हातात असतानाच मी खुर्चीवर बसले आणि मला उठता येईना. दादांनी माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि म्हणाले, “आता बास. कोल्हापूरला जा.”

*

कोल्हापूरच्या संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांनी माझी फाइल बाजूला ठेवली. ती उघडलीच नाही म्हणून मला रागच आला. त्यांनी ग्लोव्हशिवाय माझा हात हातात घेतला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे हात धरत आले होते, माझा कोणी असा धरला नव्हता.

नखं बघितली. केस बाजूला करून कानामागे बघितलं. टाचेच्या मागची शीर जिथे हाडाला चिकटते तिथे दाबलं. मी ओरडले. मग प्रश्न. सकाळी किती वेळ आखडलेलं असतं? हालचाल केल्यावर कमी होतं की वाढतं? अख्खं बोट सुजलं होतं का? घरात कोणाला सोरायसिस? माझ्या आजोबांना होता, हे मला तिथे बसल्यावर आठवलं.

“हा सोरायटिक संधिवात आहे,” डॉक्टर म्हणाले.

“पण सर, रिपोर्ट सगळे...”

“या आजारात जवळपास निम्म्या लोकांचं ईएसआर, सीआरपी नॉर्मलच येतं. आरए फॅक्टर तर बहुतेकांचा निगेटिव्हच असतो. हा आजार पकडणारी एक अशी रक्ताची चाचणीच नाही.”

सोरायसिस असलेल्यांतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत लोकांना हा होऊ शकतो आणि बहुतेक वेळा त्वचेनंतर सात ते दहा वर्षांनी. माझी दहा झाली होती. नखांचे खड्डे ही त्यातली एक खूण, कारण नखाचं मूळ आणि बोटाच्या शेवटच्या सांध्याचा स्नायूबंध हे एकमेकांना लागूनच असतात. आग अनेकदा सांध्याच्या आतपेक्षा, स्नायूबंध जिथे हाडाला मिळतो त्या जागी लागते. जागा लहान असते. यकृतापर्यंत निरोप जाईलच असं नाही. पण हाड मात्र झिजत राहतं.

मग त्यांनी माझ्या गोल चेहऱ्याकडे बघून विचारलं, “पुडी घेत होता का?”

मी मान हलवली. त्यांनी एकच चाचणी लिहून दिली. सकाळी आठचं कॉर्टिसॉल.

कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवरच्या टोपीसारख्या ग्रंथींतून येणारं संप्रेरक. मध्यरात्री ते सगळ्यात कमी असतं, पहाटे चढत जातं आणि सकाळी आठच्या सुमारास भरात असतं. म्हणून नमुन्याला वेळ पाळावी लागते. हे मी इतरांना रोज सांगत होते. माझा आकडा आला १.९. त्या वेळेला तो निदान पाचच्या वर हवा. पुडीत स्टेरॉइड होतं, हा त्याचा अर्थ. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर माझ्या ग्रंथींनी काम थांबवलं होतं. ते अचानक बंद झाल्यावर शरीराकडे स्वतःचं काहीच उरलं नव्हतं. सोरायसिसमध्ये पोटातून घेतलेलं स्टेरॉइड असं एकदम थांबलं की आजार अंगभर उसळतो, तेही झालं. डॉक्टरांनी मला मोजून थोडं स्टेरॉइड पुन्हा सुरू केलं आणि काही महिन्यांत उतरवत आणून बंद केलं.

म्हणजे एका संप्रेरकाचा आकडा माझ्याबद्दल अगदी खरं बोलला. फक्त तो माझ्या सांध्यांबद्दल बोलला नाही. मी नॉर्मल रिपोर्ट घेऊन कुठे जाऊन आले, ते त्याने सांगितलं.

*

त्या दिवसांत घरी पडल्या पडल्या मी मोबाइलवर खूप वाचलं. कॉर्टिसॉलची गोष्ट पहिल्यांदा वाचली. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. आमवाताच्या रुग्णांना कावीळ झाली किंवा बाईला दिवस गेले की सांधे तात्पुरते बरे होतात, हे त्यांनी टिपलं होतं. शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असणार, असा त्यांचा कयास. सप्टेंबर १९४८मध्ये त्यांनी एका स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं. अंथरुणाला खिळलेली ती काही दिवसांत चालू लागली. १९५०मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. दुष्परिणामांची यादी मात्र त्यानंतर वाढतच गेली. त्या स्त्रीचा चौथा दिवस कसा असेल, ते मला ठाऊक आहे.

मला खरं तर दुसरंच शोधायचं होतं. सीआरपी सांगत नाही, तर मग रक्तातलं दुसरं काही सांगतं का? कुठलं तरी संप्रेरक? लॅबवाल्या माणसाला आकडा लागतोच.

तिथे लेप्टिन भेटलं. न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४मध्ये त्याचं जनुक शोधलं. ग्रीक भाषेत लेप्टॉस म्हणजे बारीक. हे संप्रेरक चरबी तयार करते आणि मेंदूला कळवते की साठा पुरेसा आहे, आता खाणं थांबव. त्याआधी चरबी म्हणजे नुसतं कोठार, अशी समजूत होती. कोठार बोलतंय, हे तेव्हा कळलं. पुढे दिसलं की ते फक्त मेंदूशी बोलत नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशींवरही लेप्टिनचे कान आहेत आणि ते ऐकून त्या पेशी दाहाकडे झुकतात. सोरायसिस आणि सोरायटिक संधिवात असलेल्यांच्या रक्तात लेप्टिनची सरासरी निरोगी लोकांपेक्षा जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत आलं आहे. चरबीचंच दुसरं संप्रेरक अ‍ॅडिपोनेक्टिन. त्याचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. प्रोलॅक्टिनचंही तसंच, शिवाय ते सुईच्या भीतीनेसुद्धा वाढतं.

वाचून मी उठून बसले. सापडलं! लेप्टिनची चाचणी आमच्याकडे होत नाही, पण नमुना बाहेर पाठवता आला असता.

मग लॅबमधली अक्कल कामाला आली. लेप्टिन बायकांत पुरुषांपेक्षा जास्तच असतं. वजनाबरोबर वाढतं, उपाशी राहिलं की घटतं, रात्री चढतं. माझं जास्त आलं असतं तर ते सांध्यांमुळे, मी बाई असल्यामुळे, की पुडीने चढवलेल्या सात किलोंमुळे? आपल्याकडे पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त आहे, ही गोष्ट खरी. पण पडद्याआड उभ्या असलेल्या माणसाची उंची पाच फूट चार इंच आहे एवढंच सांगितलं, तर तो पुरुष की बाई, हे कोण सांगणार? दोन गटांच्या सरासरीत फरक असणं वेगळं आणि एका माणसाचं निदान करता येणं वेगळं. संशोधकांना लेप्टिनमधून आजार कसा चालतो ते कळतं. मला त्यातून मी आजारी आहे की नाही, ते कळलं नसतं.

मी नमुना पाठवला नाही. पण वाचलेलं वाया गेलं नाही. वजन कमी करा असं कोणी म्हटलं की मला आधी तो टोमणा वाटायचा, आळशी म्हटल्यासारखा. आता त्यात त्वचा, चरबी आणि सांधा यांचं एकमेकांशी चाललेलं बोलणं ऐकू आलं. लठ्ठपणा आणि सोरायटिक संधिवात असलेल्यांचं वजन उतरवल्यावर सांध्यांचा त्रासही कमी झाल्याचं स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१९मध्ये दाखवलं आहे. मी सहा किलो उतरवले. त्याला दीड वर्ष लागलं.

*

आता आठवड्यातून एकदा, रविवारी, मेथोट्रेक्सेट घेते. आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून आईने कॅलेंडरवर रविवारी लाल गोल केले आहेत. सोबत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. यकृत आणि रक्तपेशी ठरावीक काळाने तपासते. दादाच रक्त काढतात. या गोळीवर असताना दिवस जाऊन चालत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यामुळे यंदा बघायला आलेल्या मुलाला मी चहा देतानाच सगळं सांगितलं, कोपरासकट. तो पुन्हा आला नाही. आत्या आठवडाभर बोलत नव्हती. मला मात्र हलकं वाटलं.

दुखणं संपलेलं नाही. तर्जनीचं शेवटचं पेर पूर्ण वाकत नाही आणि ते आता तसंच राहणार. पहिल्याच जानेवारीत उपचार सुरू झाले असते तर कदाचित वाकलं असतं. मी शीर आता मधल्या बोटाने शोधते. त्या बोटाला शिकायला तीन महिने लागले.

मागच्या महिन्यात एक ताई आल्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या. आरए फॅक्टर आणि सीआरपी. बाही वर सरकवताना त्यांनी कोपर झटकन झाकलं. मी ओळखलं. मी माझी बाही वर केली आणि दाखवली. त्या बघतच राहिल्या.

संध्याकाळी त्या पाकीट घ्यायला आल्या. उघडून म्हणाल्या, “नॉर्मल आहे ना?”

“आकडे नॉर्मल आहेत,” मी म्हणाले. “ताई, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं?”

“अर्धा-पाऊण तास. का?”

“हे डॉक्टरांना सांगा. नखं दाखवा. कोपर दाखवा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.”

एवढंच. बाकीचं सांगणं माझं काम नाही.

त्या रुमालवाल्या काकू मात्र त्यानंतर कधी आल्या नाहीत. रजिस्टरमध्ये त्यांचा नंबर होता, मी दोनदा लावून बघितला. लागला नाही. त्या पुडी आणायला गेल्या नसाव्यात, एवढंच मनात येतं.